गावच्या खोलीत काढलेला पावसाळा

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या घरांमध्ये कॉलेजच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो: पोरगा मुंबईत राहणार कुठे? प्रवेशाच्या यादीत आज ना उद्या नाव लागतं. डोक्यावरच्या छपराची अशी कुठली यादी लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांकडे या प्रश्नाचं उत्तर पिढ्यानपिढ्या तयार होतं, ते म्हणजे गावची खोली. लालबाग, काळाचौकी, परळ, डिलाइल रोड इथल्या चाळींमध्ये गावाच्या मंडळाच्या नावावर असलेली एक खोली. गिरणीत कामाला येणाऱ्या एकट्या गड्यांसाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढून, पागडी भरून ती घेतलेली असायची. पुढे गिरण्या बंद पडल्या, खोल्या मात्र राहिल्या, आणि त्यांत कामगारांच्या सोबतीने हळूहळू शिकायला येणारी मुलं राहू लागली.

मी त्यांतलाच एक. २००५ चा पावसाळा मी काळाचौकीच्या अशा खोलीत काढला. दिवाळीनंतर होस्टेलला जागा मिळाली आणि मी तिथे गेलो. होस्टेलची वर्षं मजेत गेली, मित्र मिळाले, पदवीही मिळाली. पण आज कुणी विचारलं की मुंबईने तुला काय शिकवलं, तर मला होस्टेल आठवत नाही, ती खोली आठवते.

मुंबई माणसाला धावायला शिकवते, असं सगळेच सांगतात. मला ते फारसं पटत नाही. धावायला कुणीही आठवडाभरात शिकतो. करी रोडच्या पुलावरून मागचा लोंढाच पुढे ढकलतो. वेळ लागतो तो थोडक्या जागेत, परक्या माणसांच्या सोबतीने, कुणाला आपली अडचण होणार नाही असं राहायला शिकण्यात. हे शिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात नाही आणि ते घेतल्याशिवाय या शहरात शिकता येत नाही.

खोली दहा बाय पंधराची. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, भिंतीला ओळीने खुंट्या. ज्याची खुंटी त्याचे कपडे, दुसऱ्याचा टॉवेलही तिथे टांगायचा नाही. खाली भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका. ट्रंक म्हणजे त्या माणसाचं अख्खं घर. काहींच्या ट्रंकांना कुलूप नसायचं, तरी त्यांना कुणी हात लावत नसे. माझ्या शेजारच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून विठोबाचं चित्र आणि मुलीच्या शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्या ट्रंकेचा मालक रोज झोपण्यापूर्वी झाकण उघडून दोन मिनिटं नुसता बघत बसायचा आणि मग बंद करायचा. त्या दोन मिनिटांत खोलीतलं कुणी त्याच्याशी बोलत नसे. चारचौघांत बसलेल्या माणसालाही कधी कधी एकटं राहू द्यायचं असतं, आणि ते कसं, हे मी तिथे बघून शिकलो.

नळाला पाणी पहाटे यायचं. पिंप भरायचं काम नव्या पोराकडे. दहाला मोठा दिवा बंद. ज्याला वाचायचं त्याने गॅलरीतल्या दिव्याखाली बसायचं. हे नियम भिंतीवर कुठेही लिहिलेले नव्हते आणि मला ते कुणी सांगितलेही नाहीत.

खोलीत सगळ्यांत वडील तात्या. उमेदीची वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तात्याही होते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तात्या पुढे वॉचमन झाले. मी आलो तेव्हा एका नव्या टॉवरवर त्यांची रात्रपाळी होती. पहिल्याच दिवशी खिडकीखालची जागा दाखवून म्हणाले, "रात्री इथे पसर. सकाळी मी येईपर्यंत ती तुझीच." सकाळी सात वाजता ते यायचे, त्याआधी माझी वळकटी बांधलेली हवी. गिरण्यांच्या काळात हाच रिवाज होता: पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. त्या हंगामात तात्यांना मी झोपलेलं कधी धड पाहिलं नाही, आणि त्यांनी मला. एक सतरंजीएवढी जागा आम्ही दोघांनी वापरली आणि त्यावरून शब्दाने वाद झाला नाही.

याच परळच्या चाळींत, गिरणगावातल्या एका खोलीत, रामजी सकपाळ मुलासाठी पहाटे दोनपर्यंत जागत. दोनला ते भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः पाठ टेकत, कारण सगळ्यांना एकाच वेळी झोपायला आणि वाचायला खोली पुरत नव्हती. शाळा सुटल्यावर मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर गेली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्याच्या सत्काराला गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून त्यांनीच शब्द टाकला. बाबासाहेबांच्या मोठेपणाविषयी मी नव्याने काही सांगावं असं नाही. मला त्यातली बाग महत्त्वाची वाटते. बाग सगळ्यांची होती, तिथे बसायला भाडं पडत नव्हतं, आणि एका शिक्षकाला तिथे एक वाचणारा मुलगा दिसू शकला.

अशा जागा मुंबईत अजून आहेत आणि शिकायला येणाऱ्याने त्या सगळ्यांत आधी शोधाव्यात. वरळीला बीडीडी चाळींच्या जवळ सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. पत्त्यात ते नाव, लोकांच्या तोंडी मात्र अभ्यास गल्ली. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसं, टीव्ही, स्वयंपाक, आजीचं दुखणं. तिथे पुस्तक उघडणार कसं? मग मुलं रात्री या रस्त्यावर येतात, दिव्याच्या खांबाखाली. माझा वर्गमित्र बीडीडीतला, त्याच्यामुळे मला ही गल्ली कळली. परीक्षा जवळ आल्या की आम्ही दोघं तिथे जायचो. येरझारा घालत अर्थशास्त्राच्या व्याख्या पुटपुटणारी एक मुलगी असायची. पलीकडे पोलीस भरतीवाले, त्यांच्यापलीकडे सीएवाले. कुणी कुणाला नाव विचारत नसे, पण एखादा पाच-सहा रात्री दिसला नाही तर "तो चष्मेवाला आला नाही काय?" अशी चौकशी मात्र हमखास व्हायची. एका रात्री त्या मुलीच्या पुस्तकाची पानं पावसात भिजली. सीएवाल्यांपैकी एकाने स्वतःच्या फाइलमधलं प्लास्टिक काढून तिला दिलं आणि पुन्हा आपल्या बेरजेत बुडाला.

दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच हंगामात कळलं. १८९८ सालची संस्था. तिथल्या शांततेत बसलं की आपल्या पाठीशी बरीच माणसं वाचत आली आहेत याचा धीर यायचा.

जेवण दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे. गिरणगावात एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांनी अख्खा कापडधंदा पोसला, असं म्हटलं तरी चालेल. त्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आमच्या मावशी त्याच पिढीतल्या. गावाहून मनीऑर्डर लांबली की मी जेवायला जायला कचरायचो. दोन वेळा दिसलो नाही की मावशी गॅलरीतून हाक मारायच्या, "पैसे नाहीत म्हणून येत नाहीस ना? वहीत मांडून ठेवते. ये, वालाचं बिरडं केलंय." वही खरोखरच होती. तिच्यात तारखा होत्या, आकडे होते, कुणाच्याही सह्या नव्हत्या. वेळेवर पैसे देणं आणि वेळेवर देता येत नसतील तर तोंड न लपवता सांगणं, दोन्ही मी त्या वहीपाशी शिकलो.

आता केईएमविषयी, कारण माझ्या मते सगळ्यांत मोठं शिक्षण तिथे झालं.

गावच्या खोलीचं आणखी एक काम असतं. गावात कुणाला मोठं दुखणं झालं आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी "मुंबईला न्या" म्हटलं, की पहिला फोन खोलीला येतो. परळला केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. केईएम १९२६ मध्ये सुरू झालं. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून सोबतचं वैद्यकीय कॉलेज उभं राहिलं, आणि शिकवणारे सगळे भारतीयच असावेत ही त्या देणगीची अट होती. ती अट परकी राजवट असताना घातलेली आहे, हे कळल्यावर त्या जुन्या दगडी इमारतीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

श्रावणात गावची एक काकी मुलीला घेऊन आली. काकीच्या गळ्याला गाठ. खोलीतले सगळे कामावर, मोकळा असा मीच. पहाटे सहाला केस पेपरच्या रांगेत मी उभा राहायचो, नऊच्या सुमारास काकी यायची, मग डॉक्टर, मग तपासण्या, मग दुसऱ्या इमारतीतली तिसरी खिडकी. अठरा वर्षांच्या, गावाकडून आलेल्या मुलाला त्या खिडक्यांची भीती वाटते. ती कशी गेली ते सांगतो. तिथले वॉर्डबॉय म्हणजे 'मामा' आणि आया म्हणजे 'मावशी'. एका मामांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "हे बघ, 'माझं काम कधी होईल' असं विचारू नकोस. विचार, 'हा कागद घेऊन आता कुठे जाऊ?' म्हणजे समोरचा नीट सांगतो." मी तसंच विचारायला लागलो आणि खरोखर सगळे सांगायला लागले. नंतर नोकरीत, बँकेत, तहसील कचेरीत, जिथे जिथे मोठ्या व्यवस्थेसमोर लहान माणूस म्हणून उभं राहावं लागलं, तिथे मी हेच विचारत आलो. बायोप्सीचा रिपोर्ट कुठल्या काउंटरवर मिळतो, समाजसेवा विभाग कुठे, औषधांना मदत हवी तर कोणती कागदपत्रं जोडायची, हे पावसाळा संपेतो मला तोंडपाठ झालं. मग खोलीतल्या वहीत मी ते ओळीने लिहून ठेवलं. माझ्यानंतर आलेल्या मुलांनी त्यात भर घातली असं कळलं, तेव्हा फार बरं वाटलं.

काकी आणि तिची मुलगी मात्र खोलीत राहू शकल्या नाहीत. खोली पुरुषांची. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांची सोय झाली. कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना ही धर्मशाळा आधार देते. मी डबा घेऊन जायचो तेव्हा तिथे विदर्भातली, बिहारमधली, बंगालमधली माणसं एकमेकांची औषधं ओळखून देत असायची. काकी बरी झाली. पण तिची मुलगी एकदा सहज म्हणाली, "वर्गणी आमच्या बाबांनीही भरलीय की रे खोलीला." मला तेव्हा त्यावर बोलायला काही सुचलं नाही.

त्याच वर्षीच्या २६ जुलैविषयी खूप लिहून झालंय. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. एकाच शहरात दोन वेगळे दिवस होते. मी माटुंग्याहून चालत निघालो. हिंदमातापाशी कमरेएवढ्या पाण्यात माणसांनी हाताला हात धरून साखळी केली होती, तिच्यातून पलीकडे आलो. त्या रात्री आमच्या खोलीत गावचे नसलेले तिघे झोपले, कल्याणकडे जाता न आलेले. तात्या नेहमीसारखे ड्युटीवर, म्हणून खिडकीखालची आमची जागाही त्या तिघांना दिली. या माणुसकीचा मला अभिमान आहे. पण तिला 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून टाळ्या वाजवल्या की मिठी नदी कुणी बुजवली आणि नाले कुणी साफ केले नाहीत, हे विचारायचं राहून जातं. शिकणाऱ्या मुलांनी तरी ते विचारत राहावं.

गौरी-गणपतीत वेगळंच व्हायचं. अख्खी मुंबई लालबागला लोटलेली, दर्शनाच्या रांगा रस्तोरस्ती, आणि लालबागचा चाकरमानी मात्र एसटीच्या जादा गाड्या पकडून गावाला. परीक्षा होती म्हणून मी थांबलो. खोलीत एकटा. महिनाभर ज्या एकांतासाठी जीव तळमळला होता तो मिळाला, आणि मला झोप येईना. शेवटी सतरंजी गॅलरीत टाकली. शेजारच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या, "दार उघडं ठेव, भीती वाटायची नाही." त्या वर्षीचे मोदक त्यांच्याकडचे.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं ते माझ्या भाचीमुळे. ती यंदा इंटर्नशिपसाठी एका हंगामापुरती मुंबईत आहे. अंधेरीला एका खोलीत चौघी, भाडं खोलीचं नव्हे, कॉटचं. डिपॉझिट, एजंट, रात्री दहाच्या आत परत, स्वयंपाकाला बंदी. घरमालकाला तिचं नाव ठाऊक नाही, कॉटचा नंबर ठाऊक आहे. पगार नसलेली इंटर्नशिप आणि महिन्याचं असं भाडं, हे गणित ज्यांच्या घरी बसतं त्यांचीच मुलं या शहरात हंगाम काढू शकणार, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. मुंबईला शिकवायला येतं, पण शिकणाऱ्याला आधी इथे टिकता तर आलं पाहिजे.

तरी ती शिकतेच आहे. परवा फोनवर सांगत होती, "मामा, लेडीज डब्यात चढलं की पहिलं विचारायचं, 'कुठे उतरणार?' ती म्हणाली दादर, की दादरपासून ती सीट आपली. मध्ये दुसरी कुणी बसायला आली तर बाकीच्या बायकाच सांगतात, ही हिने आधी विचारलीय. कागद नाही, पावती नाही." एका संध्याकाळी तिला बरं वाटत नव्हतं. समोर भाजी निवडत बसलेल्या काकूंनी न विचारता तिला बसवलं, पिशवीतला लिंबू हातात दिला आणि अंधेरीपर्यंत अधूनमधून नुसतं बघत राहिल्या. भाची म्हणाली, कॉटवर आजारी पडले असते तर कुणाला कळलंही नसतं.

आमची चाळ आता पुनर्विकासात गेली आहे. वरळीच्या बीडीडीत एकशेसाठ फुटांतून पाचशे फुटांच्या घरात गेलेली कुटुंबं बघून आनंदच होतो. सार्वजनिक संडासाच्या रांगेत ज्याने सकाळी दिवस मोजलेत तो चाळीच्या आठवणींचे उमाळे काढणार नाही. पण नव्या इमारतीत मंडळाला जे एक घर मिळणार आहे, त्याचं काय करायचं यावर गावात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, भाड्याने द्यावं आणि त्या पैशांतून देवळाचा सभामंडप बांधावा. त्यांची श्रद्धा खरी आहे, हे मी जाणतो. दुसरी बाजू आम्हा काही जणांची: घर मुलांच्या शिक्षणासाठीच ठेवावं, जून ते दिवाळी नव्याने येणाऱ्यांना पहिला हक्क द्यावा, एक कोपरा दवाखान्यासाठी येणाऱ्यांना राखावा. आणि स्वतंत्र दाराची एक खोली मुलींसाठी असावी.

शिमग्याला गावी मंडळाची सभा आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. काकीच्या मुलीने सूचक म्हणून सही दिली, तात्यांच्या मुलाने अनुमोदक म्हणून. भाचीने मसुदा वाचला आणि एक कलम वाढवायला लावलं: मुलींच्या खोलीची किल्ली प्रत्येक मुलीकडे राहील, रात्री परतायची वेळ तिच्या कामावरून ठरेल. ते जसंच्या तसं घातलंय. अजून सह्या कमी पडताहेत. गावचं कुणी हे वाचत असेल तर सभेच्या आधी मला फोन करावा.